वर्गात हात वर का जात नाही? मराठी माध्यमातून आलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. शनिवारी दुपारी शंका घेऊन येणाऱ्यांसाठी बसतो. गणिताच्या शंका येतात त्याहून जास्त या येतात: विचारायचं कसं, कुठल्या भाषेत, कुणाला. विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात, अलीकडे इतर शिक्षकही विचारू लागले आहेत. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतोय. दोन प्रश्नांचं उत्तर एकच असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. अकरावी सायन्सला आल्यापासून वर्गात एकही प्रश्न विचारलेला नाही. हे फक्त माझंच होतंय का?

नाही. तुमच्या बाकाच्या पुढे-मागे बसलेल्या निम्म्या पोरांचं हेच चाललेलं असतं. पण गप्प बसलेला माणूस बाहेरून हुशारच दिसतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना सगळं कळतंय.

काय होतं ते पाहा. सर इंग्रजीत एक पायरी सांगतात. तुम्ही ती ऐकता, मनात मराठीत आणता, मग कळतं की इथे काहीतरी अडलंय. आता शंका मराठीत तयार होते, ती इंग्रजीत न्यायची, व्याकरण तपासायचं, एकदा मनात म्हणून बघायचं. एवढं होईपर्यंत फळा पुसलेला असतो. मग वाटतं, आता मागचं काय विचारायचं, घरी बघू. घरी बघणाऱ्यांची वही मी पाहिलेली आहे. माझीही तशीच होती.

गोव्यात हा बदल अनेकांच्या वाट्याला आधीच, चौथीनंतर येतो. तिथे सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणीत होते आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम सुरू होतं. दहा वर्षांचं पोर भाषा लवकर उचलतं हे खरं, पण गप्प बसण्याची सवयही ते तितक्याच लवकर उचलतं.

२. इंग्रजी वाचलं तर कळतं, सर बोलतात तेही बरंचसं कळतं. मग तोंड उघडतानाच का अडतं?

कारण शाळेत आपल्याला इंग्रजीत उत्तर द्यायला शिकवलं, प्रश्न विचारायला कुणी शिकवलंच नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आजच्या अकरावीच्या मुलाने दहा वर्षं इंग्रजीचा तास केलेला असतो. त्या दहा वर्षांत प्रश्न नेहमी पुस्तकाने किंवा बाईंनी विचारला. मुलाने उत्तर दिलं, तेही बरेचदा पाठ केलेलं.

दुसरं कारण व्याकरणात आहे, आणि ते मला फार उशिरा उमगलं. मराठीत प्रश्न करणं अगदी स्वस्त आहे. 'चिन्ह बदललं' या वाक्याच्या शेवटी 'का' लावा, प्रश्न झाला: 'चिन्ह बदललं का?' तोच 'का' उचलून क्रियापदाच्या आधी ठेवा: 'चिन्ह का बदललं?' कारण विचारून झालं. इंग्रजीत मात्र 'डू', 'डझ', 'डिड' शोधायचं, ते कर्त्याच्या आधी न्यायचं, मग क्रियापद मूळ रूपात आणायचं. साधं विधान करणाऱ्याची जीभ नेमकी प्रश्नापाशी अडखळते ती यामुळे. यात तुमच्या बुद्धीचा काही संबंध नाही.

३. मी सेमी इंग्रजीत होतो. गणित आणि विज्ञान इंग्रजीतच शिकलो. तरी मलाही असंच का होतं?

सेमीत पुस्तक इंग्रजी असतं, पण वर्गातलं बोलणं बहुतेक शाळांत मराठीच असतं. 'फोर्स म्हणजे मास गुणिले अ‍ॅक्सिलरेशन, आता मास दुप्पट केलं तर काय होईल रे?' या वाक्यातल्या संज्ञा इंग्रजी आहेत, पण त्यांना बांधणारी दोरी मराठी आहे. तुमच्याकडे संज्ञा आहेत, इंग्रजी दोरी नाही. पूर्ण मराठी माध्यमवाल्यापेक्षा तुमचं काम निम्मं झालेलं आहे. तुम्ही थेट प्रश्न ५ वाचा.

४. वर्गात मराठीत प्रश्न विचारला तर चालतो का?

चालतो. अभ्यासक्रमाचं माध्यम इंग्रजी असतं ते शिकवण्यापुरतं आणि परीक्षेपुरतं. शंका मराठीत विचारू नये असा नियम असल्याचं मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या बहुतेकांना मराठी कळतं, पुष्कळांचं शिक्षणही मराठीतच झालेलं असतं. ते इंग्रजीत बोलतात कारण त्यांनाही वाटतं की वर्गात तसंच बोलायचं असतं. सुरुवातीला एवढंच म्हणा: 'सर, मराठीत विचारू का?' आजवर 'नको' म्हणणारे मला फार थोडे भेटले.

'इंग्रजीत विचार, नाहीतर खाली बस' असं म्हणणारेही असतात. मी स्वतः असं एकदा ऐकलं आणि पुढचे दोन महिने तोंड उघडलं नाही. अशा वेळी तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जा. तिथे चाळीस जण ऐकत नसतात, आणि गंमत म्हणजे तीच माणसं तिथे मराठीत बोलतात.

५. मला 'काहीच कळलं नाही' एवढंच म्हणता येतं. प्रश्न नक्की मांडायचा कसा?

'काहीच कळलं नाही' याला शिक्षक काय उत्तर देणार? ते सगळं पहिल्यापासून सांगतात, त्याच वेगाने, त्याच भाषेत, आणि तुम्ही पुन्हा त्याच जागी अडकता. मग दुसऱ्यांदा 'नाही कळलं' म्हणायची लाज वाटते आणि आपण मान डोलावतो. या मान डोलावण्याने जितकी पोरं मागे पडतात तितकी अवघड गणितांनी पडत नाहीत.

म्हणून शंका लहान करा. बोट ठेवता येईल एवढी लहान. शनिवारी माझ्याकडे आलेली मुलगी म्हणाली, 'इंटिग्रेशन येत नाही.' मी म्हटलं, वही उघड, ज्या ओळीपर्यंत पटतंय तिथपर्यंत माझ्याबरोबर ये. पाचव्या ओळीवर थांबली. तिथे एक्सच्या जागी नवीन चल घेतलं होतं आणि शून्य ते एक या मर्यादा बदलून शून्य ते पाव पाय (π/४) झाल्या होत्या. 'हे पाव पाय कुठून आलं?' म्हणजे तिला इंटिग्रेशन येत होतं. चल बदललं की मर्यादाही बदलतात, एवढंच कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. ते सांगायला मला दोन मिनिटं लागली. ती मात्र तीन आठवडे हे ओझं घेऊन फिरत होती.

तर वहीच्या समासात, तास चालू असतानाच, अडलेल्या ओळीपुढे फुली मारा आणि मराठीत चार शब्द लिहा: 'मायनस कुठून?', 'हे सूत्र का, ते का नाही?', 'इथून पुढे हरवलो.' विचारताना तीच ओळ दाखवून म्हणा: 'सर, या लाइनपर्यंत कळलं. या लाइनमध्ये मायनस कसा आला?' संज्ञा इंग्रजी, दोरी मराठी. जमलं तर तुमचा अंदाजही सांगा: 'मला वाटतं कॉसचं डेरिव्हेटिव्ह घेतलं म्हणून आला, बरोबर आहे का?' अंदाज चुकला तरी शिक्षकाला तुमचा घोळ नेमका कुठे आहे ते दिसतं.

६. आमचे सर मराठी नाहीत, त्यांना हिंदीही तोडकंमोडकंच येतं. मग?

मग बोट आणि तीन वाक्यं. खरंच तीन पुरतात, मी मोजून पाहिली आहेत: 'सर, प्लीज एक्स्प्लेन धिस लाइन अगेन.' 'सर, व्हाय धिस मायनस?' 'सर, इज धिस करेक्ट?' दुसऱ्या वाक्यात क्रियापद नाही हे मला माहीत आहे. सरांनाही कळेल, आणि ते तरीही उत्तर देतील. इंग्रजी त्यांचीसुद्धा घरची भाषा नाही.

बोलायचं अगदीच जमत नसेल तर लिहून विचारा. लिहिताना वेळ आपल्या हातात असतो, खोडता येतं, भाषांतराचं अ‍ॅप वापरता येतं. फक्त अ‍ॅपला लांबलचक मराठी वाक्य देऊ नका. छोटी छोटी द्या, आणि गणिताची ओळ जशीच्या तशी ठेवा.

७. इंग्रजी लेक्चर कळत नाही म्हणून यूट्यूबवर हिंदीतून बघतो. काही तोटा आहे का?

बघा, उपयोग होतो. पण हिंदी आणि मराठी शास्त्रीय शब्द सारखे दिसले तरी त्यांचे अर्थ सारखे असतीलच असं नाही, आणि हा खड्डा कुणी दाखवत नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ 'अणू'चा. आपल्या पाठ्यपुस्तकात अणू म्हणजे अ‍ॅटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत अ‍ॅटमला 'परमाणु' म्हणतात आणि 'अणु' म्हणजे मॉलिक्यूल. मराठी मुलगा हिंदी व्हिडिओत 'अणु' ऐकतो आणि बरोबर उलटं समजतो. 'क्षार'चंही तसंच: आपल्याकडे आम्ल, आम्लारी आणि क्षार, म्हणजे क्षार हा सॉल्ट. हिंदीत सॉल्टला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' म्हणजे अल्कली. विजेच्या धड्यात हिंदीवाले 'आवेश' म्हणतात तो आपला प्रभार. आपल्याकडे आवेश भाषणात येतो.

उपाय सोपा आहे. व्हिडिओ हिंदी असला तरी वहीत संज्ञा इंग्रजीत लिहा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातल्या काही तांत्रिक अभ्यासक्रमांचं साहित्य मराठीतही आणलेलं आहे, तेही शोधून पाहा.

८. मराठी संज्ञा विसरून सरळ इंग्रजी पाठ करू का?

विसरू नका, जोड्या लावा. 'मोमेंटम' पाठ करणाऱ्याला तो फक्त एक आवाज असतो. शाळेत 'संवेग' शिकलेल्या पोराच्या डोक्यात वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार आधीच बसलेला असतो, त्याला फक्त नवीन पाटी लावायची असते. जोडी सापडत नसेल तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश ऑनलाइन पाहायला मिळतात. त्यातले काही शब्द असे आहेत की वाचून इंग्रजीच बरं वाटावं, पण बहुतेक चांगले आहेत.

खरा त्रास मोठ्या संज्ञांचा नसतोच. त्या सर फळ्यावर लिहितात, त्यांची व्याख्या देतात. पाय घसरतो तो कुणीच न समजावलेल्या छोट्या शब्दांवरून. संभाव्यतेच्या गणितात 'अ‍ॅट लीस्ट टू' आलं की 'लीस्ट म्हणजे कमी' असं धरून दोन किंवा कमी घेणारी पोरं दरवर्षी भेटतात. ते किमान दोन आहे, म्हणजे दोन किंवा जास्त. 'अ‍ॅट मोस्ट' म्हणजे जास्तीत जास्त. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे. 'अनलेस' म्हणजे 'तसं नसेल तर', आणि तो वाक्याचा अर्थ फिरवतो. 'बेस' हा त्रिकोणाचा वेगळा, लॉगचा वेगळा, रसायनातला वेगळा आणि ट्रान्झिस्टरचा आणखी वेगळा.

माझंच सांगतो. 'डिफरन्शिएट विथ रिस्पेक्ट टू एक्स' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एक्सचा मान राखून काहीतरी करायचं आहे. 'रिस्पेक्ट' एवढाच शब्द येत होता ना! 'एक्सच्या संदर्भात' हा अर्थ सेमिस्टर संपता संपता कळला, तोही होस्टेलवरच्या मित्राकडून. हे सरांना विचारायचं म्हणजे आपण किती अडाणी आहोत ते सांगायचं, असं वाटायचं.

९. प्रश्न विचारला की मुलं हसतात, उच्चारांची नक्कल करतात. सहन करायचं का?

एकदा कुणी 'ळ'वरून किंवा तुमच्या 'इस्कूल'वरून हसलं तर ते अंगावर घ्यायचं की सोडून द्यायचं, तुम्ही ठरवा. मी सोडून द्यायचो, पण आतून जळायचो.

तेच रोज होत असेल, ठरवून होत असेल, तुम्हाला गटाबाहेर ठेवलं जात असेल, तर ते रॅगिंग आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली जी दुरुस्ती केली तिच्यात भाषिक ओळख, प्रांत, जन्मस्थान, राहण्याचं ठिकाण आणि आर्थिक स्थिती यांवरून होणारा मानसिक छळ स्पष्टपणे घातलेला आहे, आणि वाळीत टाकणंही त्यात येतं. तक्रार कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते. यूजीसीचे हे नियम उच्च शिक्षण संस्थांसाठी आहेत. अकरावी-बारावीत असाल तर वर्गशिक्षक आणि प्राचार्यांना लेखी द्या, राज्याचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदाही आहे. अर्ज मराठीत लिहा. इथे तरी इंग्रजीसाठी अडून राहू नका.

१०. नीट, जेईई, सीईटी मराठीतून द्यावी का?

नीट २०१७ पासून मराठीतही होते, सध्या ती तेरा भाषांत असते. मराठी निवडलीत तर प्रश्नपत्रिकेत इंग्रजी मजकूरही सोबत असतो, पण भाषांतरात मतभेद झाला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात. जेईई मेन मराठीत आहे, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. हे अनेकांना मेनचा निकाल लागल्यावर कळतं. राज्याच्या सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीत मिळतं, गणित मात्र इंग्रजीतच. दरवर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर राहू नका.

माझं मत विचाराल तर: अकरावी-बारावीचा अभ्यास इंग्रजी पुस्तकांतून केला असेल तर परीक्षेच्या दिवशी 'संप्लवन' (सब्लिमेशन) असा शब्द प्रथमच भेटण्यात हशील नाही. वाक्यरचनेत अडकणाऱ्याला मराठी मजकुराचा आधार जरूर होतो. दोन्ही प्रकारच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि मग ठरवा.

११. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाच्या पेपरात मराठीत उत्तर लिहिता येतं का?

हे कॉलेजवर आणि विद्यापीठावर अवलंबून आहे. एमएसबीटीई या राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय आलेला आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, आणि पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना सांगितलं की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. पण ते सांगणं होतं, सक्ती नव्हे. त्यामुळे आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लेखी खात्री केल्याशिवाय पेपरात प्रयोग करू नका. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षकांना 'मराठीत सांगितलं तर चालेल का?' हे विचारायला काहीच हरकत नाही.

१२. मी शिक्षक आहे. 'एनी डाउट्स?' विचारतो, कुणी बोलत नाही. मग मी पुढे जातो. चूक काय?

'एनी डाउट्स?' हा प्रश्न नाही, तास संपल्याची घंटा आहे. मुलांनाही ते ठाऊक असतं.

मी काय करतो ते सांगतो. मधेच थांबून 'या चार पायऱ्यांपैकी कुठली अंधुक आहे? बोटाने आकडा दाखवा' असं म्हणतो. बोट दाखवायला भाषा लागत नाही. तास संपायच्या आधी अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या घेतो, नाव न घालता, कुठल्याही भाषेत. पहिल्या आठवड्यात निम्म्या कोऱ्या आल्या, तिसऱ्या आठवड्यात 'सर तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता' अशी आली. बरोबर होतं ते.

कुणी मराठीत विचारलं तर मराठीतच उत्तर द्या, मग तेच दोन वाक्यांत इंग्रजीत सांगा, म्हणजे अमराठी मुलं बाहेर पडत नाहीत. प्रश्नातलं व्याकरण सुधारू नका. आणि 'इट इज व्हेरी सिंपल' हे वाक्य सोडून द्या. सोपं आहे म्हटल्यावर 'मला सोपंही कळत नाही' असं कोण उभं राहून सांगेल?

१३. आम्ही आई-वडील शिकलेलो नाही. मुलगी शहरात शिकते. आम्ही काय करू शकतो?

फोनवर 'जेवलीस का?' नंतर विचारा, 'आज काय शिकवलं? मला सांग बघू.' तिला ते मराठीत, तुम्हाला कळेल असं सांगावं लागेल. ती अडखळली की तिची शंका कुठे आहे ते तिलाच सापडेल. पालक-सभेला या आणि मराठीतच बोला. तिथे तुम्हाला कुणी इंग्रजीत बोलायला लावू शकत नाही.

१४. मी आश्रमशाळेत शिकवते. इथे मुलांची अडचण इंग्रजी नाही, मराठीच आहे.

हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी बराच वेळ उत्तर लिहू शकलो नाही. वर जे जे इंग्रजीबद्दल लिहिलं, ते भामरागडच्या माडिया मुलाला आपल्या मराठीबद्दल म्हणता येईल. माडिया गोंडी द्राविडी कुळातली, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी त्यांचं नातं इंग्रजीपेक्षाही लांबचं आहे. इंग्रजी निदान आपल्याच भारत-युरोपीय कुळातली. त्यांना 'बोली' म्हणून मराठीच्या खात्यात टाकतो तिथूनच आपण चुकतो. नंदुरबारच्या भिली, पावरी मराठीला त्यामानाने जवळच्या, तरी पहिलीच्या पोराला ते जवळपण जाणवत नाही.

तिथे मदत मागणं म्हणजे गणिताची शंकाही नसते. पोट दुखतंय, बाहेर जायचंय, मोठा मुलगा मारतो, हे सांगायला सहा वर्षांच्या मुलाकडे शब्द नसतात. म्हणून तुम्ही आधी त्यांच्या भाषेतली वीस-पंचवीस वाक्यं शिका, आणि ती त्यांच्याचकडून शिका. बाई चुकतात, आपण सुधारतो, याचा मुलांना केवढा आनंद होतो ते पाहाल. वरच्या वर्गातलं एखादं मूल पहिलीत दुभाषी म्हणून बसवा. आणि वरिष्ठांकडे मागणी करताना राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क दाखवा. भाषिक अल्पसंख्याक गटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं तो सांगतो.

१५. आता अभ्यासाचं सोडाच, कॉलेजात जावंसंच वाटत नाही. झोप लागत नाही.

मग आधी अभ्यास बाजूला ठेवा आणि कुणाशी तरी बोला. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि तिच्यावर मराठीत बोलता येतं. होस्टेलवर असाल तर आज रात्री खोलीत एकटे बसू नका.

१६. तुम्हाला शंका पाठवायची तर कुठल्या भाषेत पाठवू?

कुठल्याही. देवनागरी टाइप होत नसेल तर रोमन अक्षरांतलं मराठी चालतं, तेही येत नसेल तर वहीच्या पानाचा फोटो काढा आणि अडलेल्या ओळीपाशी फुली मारा. 'नमस्कार सर, कसे आहात, एक विचारू का' असं लिहून थांबू नका, पुढचं लिहून टाका. आणि फोटो आडवा पाठवू नका, माझी मान दुखते.